चार वेतांनंतर

"रोज विंचरावं लागते हं, भाभी," जागेश्वर म्हणाला. "एक दिवस चुकला का गुठळ्या झाल्याच समजा."

पिल्लू टीनाच्या कुशीत होतं. पसंत केलं होतं तिच्या पप्पांनी, ओमेशने. पण जागेश्वर सारं सांगत होता तिच्या आईला, भूमिकाला. ही तिघं पिल्लू विकत घ्यायला नागरा गावातल्या त्याच्या अंगणात शिरली आणि दोन मिनिटांत त्याने ओळखलं, या घरात कुत्र्याचं कोण करणार.

पूडल आणि कॉकर स्पॅनियल यांच्या संकराची ही पिल्लं. मधाच्या रंगाची, कुरळी. केस गळत नाहीत म्हणून लोकांना आवडतात. पण गळत नाहीत ते अंगातच गुंततात, तेव्हा मुळापर्यंत फणी घालायची. दीड-दोन महिन्यांनी कातरून आणायचं. दर आठवड्याला कान पुसायचे, नाहीतर आतून चिघळतात. सुरुवातीला दर दोन तासांनी बाहेर न्यायचं. आणि घरात एकटं सोडायचं नाही, रडून घर डोक्यावर घेतं.

दर दोन तासांनी. भूमिकाने मान हलवली. तो हिशोब तिच्या अंगात मुरलेला होता.

तिच्या सासूबाई, सुशिलाबाई, सहा वर्षं पलंगाला खिळून होत्या. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, मऊ भात चमच्याने भरवायचा. दिवाळीनंतर त्या गेल्या. तेरवी झाली, पाहुणे पांगले, भाड्याने आणलेला पलंग परत गेला. मग एका दुपारी भूमिका जेवून आडवी झाली ती थेट चहाच्या वेळेला उठली. ओमेशने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप आहे का?"

ताप नव्हता. पण ओमेशने मनाशी ठरवून टाकलं, आई गेल्यापासून हिला घर खायला उठतं, हाताला काहीतरी काम पाहिजे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो फोनवर कुत्र्यांचे फोटो पाहू लागला. ते टीनाला कळलं, आणि मग थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. भूमिका 'नको' म्हणाली नाही. सहा वर्षांत ती सवयच मोडली होती.

आताही जागेश्वरचं ऐकता ऐकता पाय भरून आले, तशी भूमिका त्याच्या ओसरीच्या पायरीवर टेकली.

कोपऱ्यात गोणपाटावर पिल्लांची आई पडली होती. सोनी तिचं नाव. अंगावरचे केस बारीक कातरलेले, पोट लोंबलेलं, तोंडाभोवती पांढरं आलेलं. उरलेली तीन पिल्लं तिच्या अंगावरून चढत होती, उतरत होती. ती त्यांना हाकलत नव्हती, त्यांच्याकडे बघतही नव्हती. एकाने दात लावून लुचायला सुरुवात केली, तेव्हा ती उठली. सावकाश चालत पायरीपाशी आली आणि भूमिकाच्या पायांना टेकून आडवी झाली. तिने एवढा लांब सुस्कारा सोडला की भूमिकाने खाली वाकून पाहिलं.

"हिचं काय करता आता?" भूमिकाने विचारलं. इतक्या वेळात तिने विचारलेलं हे पहिलंच काही.

"सोनीचं? पाच वर्षांची झाली. चार वेत झाले. डॉक्टर म्हनते, आता बस. एका जनाले सांगून ठेवलं, नेते म्हने शेतावर राखनीले."

"ही राखन करंल?"

"कायची करते! पन कोनी त नेलं पायजे न, भाभी. आता उपयोग काय हिचा?"

जागेश्वर वाईट माणूस नव्हता. त्याने ते अगदी सहज सांगितलं.

ओमेशने पैसे द्यायला फोन काढला. "चल, ऊठ. ऊन होऊन राहिलं."

भूमिका उठली नाही.

"आपन हिले नेऊ," ती म्हणाली.

"कोनाले?"

"सोनीले."

टीनाने पिल्लू छातीशी आणखी घट्ट धरलं. "मम्मी, नको ना! ही बुढी आहे."

टीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी तेवढं पुरलं असतं.

"पिल्लू पायजे त पिल्लू ने," भूमिका म्हणाली. "पन मंग दर दोन घंट्यांनी तूच बाहेर न्यायचं. शाळा असो का ट्यूशन. मी नाई नेनार."

तिने आवाज चढवला नव्हता. टीनाने पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी जागेश्वरकडे. जागेश्वर अंगणातल्या नळाकडे पाहू लागला.

बऱ्याच वेळाने टीनाने पिल्लू खाली ठेवलं. ते मागे वळूनही न बघता आपल्या भावंडांत पळालं. टीना तशीच उभी राहिली. मग सोनीसमोर उकिडवी बसली आणि तिने हात पुढे केला. सोनीने तो हुंगला आणि डोळे मिटून त्यावर हनुवटी टेकवली. टीना हात न हलवता बसून राहिली.

"हिले पन रोज विंचरा लागते?" तिने हळूच विचारलं.

"लागते," जागेश्वर म्हणाला.

"ते तू करजो," भूमिका टीनाला म्हणाली. मग तिने ओमेशकडे पाहिलं. "अन् कातरायले, दवाखान्यात तुमी न्यायचं."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. बायकोने काम वाटून दिलेलं ओमेश पहिल्यांदाच ऐकत होता.

"अन् तू? तू काय करशील हिचं?"

भूमिकाने पाय लांब केले. सोनीच्या पाठीवर हात ठेवला.

"मी काईच नाई करनार," ती म्हणाली. "आमी दोघी नुसत्या बसून राहू."