काचघरातला चहा

मावशीने चार लोकांत चहा पिणं सोडून दिलं होतं. चिनी मातीच्या भांड्यांवर बारीक नक्षी रंगवण्यात एकेकाळी तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता त्याच हातातला कप बशीवर वाजत राही. तिला या काचघरात आणायला भाचीला बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या होत्या.

काचघर मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारं होतं. छतापर्यंत चढलेल्या वेली, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, सोनेरी कडेचे पातळ कप. टेबलाटेबलांवर वयस्कर मंडळी ताठ, रुबाबात बसली होती. कुठे कपबशीचा आवाज नाही.

"सांडलास तर मी तुला ओळखत नाही, आधीच सांगते," भाची म्हणाली.

"मग अनोळखी बाईला ओढत कशाला आणलंस?" म्हणत मावशीने भीतभीत कप उचलला.

तो जराही थरथरला नाही.

"अगं, बघ तरी," मावशी कुजबुजली. "उद्याच ब्रश बाहेर काढते."

भाचीला भरून आलं. हा आनंद कुणाला तरी सांगावा म्हणून ती शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे वळून हसली. बाईंचा कप ओठांपासून बोटभर दूर होता. या दोघी आल्या तेव्हाही तो तिथेच होता. पलीकडच्या गृहस्थांचाही.

"मावशी, चल, निघू या."

मावशी हातातल्या कपाकडे कौतुकाने बघत होती. तिचा हात स्थिर होता. पापण्याही स्थिर होत्या. कपातून निघालेली वाफ दोन बोटं वर आली होती आणि तिथेच थांबली होती.