शेततळ्यातली तालीम

ट्रॅक्टरची ट्यूब तिसऱ्यांदा उलटली आणि धनाजी पुन्हा शेततळ्यात गेला. नाकातोंडात पाणी शिरलं. अंगात केशरी लाइफ जॅकेट होतं म्हणून बुचासारखा वर आला. कमरेला दोर होता, दोराचं दुसरं टोक बांधावरच्या लिंबाला, आणि लिंबाखाली त्याची बायको दीपाली जीव मुठीत धरून बसली होती.

"अहो, चढा की आता."

"चढायचंच तर शिकायलोय," तो खोकत म्हणाला.

समुद्रात कायाक उलटली तर पाण्यातूनच परत तिच्यावर चढता आलं पाहिजे, असं शिवानंद सरांनी बजावलं होतं. कायाक म्हणजे एका माणसापुरती लांबोळकी प्लॅस्टिकची होडी. तीत बसून वल्हं मारत आत जायचं आणि गळ टाकून मासे धरायचे. सर नळदुर्गच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, धनाजी तिथंच क्लार्क. दिवाळीच्या सुट्टीत सर मालवणला जाऊन आले आणि हातभर सुरमईचा फोटो त्यांनी सगळ्यांना दाखवला. "ह्याला काय वाघाचं काळीज लागतंय? पुढच्या खेपेला मी येतो," असं धनाजी भर स्टाफरूममध्ये बोलून गेला. तेव्हापासून गावात त्याला कुणी धनाजी म्हणेना. सगळे कप्तान म्हणायचे.

आता निघायला चार दिवस उरले होते आणि त्याला चैन म्हणून पडत नव्हती. घास तोंडातच फिरायचा. शाळेत एकाच्या दाखल्यावर दुसऱ्याची जन्मतारीख चढायची. दर तासाला मोबाइलवर मालवणचा वारा बघायचा, लाटा बघायचा आणि घरी आला की आठवणीनं आईला सांगायचा.

"आई, लाट माणसाएवढी असती म्हणं."

गजराबाई शेंगा फोडत होती. "व्हय का?"

"होडी उलटली की होडी एकीकडं, माणूस एकीकडं. गेल्या साली एकजण दोन तास तरंगत हुता."

"मग घावला का?"

"घावला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मांडीवरची टरफलं झटकली.

आईनं काय ते एकदाचं बोलून टाकावं, एवढंच त्याला हवं होतं.

खरा घोळ तारखेचा होता. मालवणचा दिवस नेमका येळवसेचा. वर्षातल्या ह्या एका अमावस्येला इकडची गावं ओस पडतात, झाडून सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारायची, पूजा मांडायची, डाळी-भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील पोटाला तड लागेपर्यंत हाणायची. आणि घरच्या कर्त्या पुरुषानं आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची. धनाजीचा बाप, बिराप्पा, जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून फेरी धनाजीच घालायचा. घरात दुसरा पुरुष नव्हता. पुण्याला पोटासाठी गेलेली माणसंसुद्धा त्या दिवशी गावाकडं धावतात आणि हा निघाला होता समुद्रावर.

तारीख कळली तेव्हा आई चुलीकडं वळली. बोलली ती दीपाली.

"सर मिरजेकडचं, त्यांना काय ठावं येळवस? पर तुमी तरी सांगायचं."

"बुकिंग झालंय आता."

त्यानं पिशवी भरली. गळ, दोरी, शिटी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारं पाकीट. भरली, उपसली, पुन्हा भरली. दीपाली जॅकेटचे बंद ओढून बघत होती.

"लई जीव लागलाय वो तुमचा तिकडं. झोपंतबी हात हलवताय वल्हं मारल्यागत."

"आई न्हाय म्हणली तर बसतो की गुमान," तो म्हणाला. "तिच्या शब्दाबाहेर न्हाय मी. सांग तिला तसं."

दीपालीचे डोळे भरून आले. असा नवरा मिळाला म्हणून तिला त्या क्षणी फार बरं वाटलं.

निघायच्या आदल्या दुपारी गजराबाईनं त्याला समोर बसवलं.

"चार दिस झालं, तुझ्या पोटात धड अन्न न्हाय," ती म्हणाली. "दीपालीनं सांगितलं मला सगळं. तुझ्या बापाला मेंढरं घिऊन लांब मुलूख बघायचा हुता. म्या न्हाय म्हणलं. बसला बिचारा. मरंस्तवर बोलला न्हाय, पर म्या बघितलंय त्याचं तोंड."

"आई, पण येळवस..."

"फेरी म्या घालीन."

"तू? लोक नावं ठेवतील. भावकी तोंडात शेण घालंल."

"घालू दे. रान काय बाई-बाप्या बघतंय व्हय? म्या अन् दीपाली करतो सगळं. तू जा. मन भरून जा."

दीपाली दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. वाटेत खायला धपाटी तिनं कधीच बांधून ठेवली होती.

धनाजी आईच्या पाया पडला. उठताना त्याला भिंत धरावी लागली. पोराला भरून आलं असं वाटून गजराबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

शिवानंद सरांनी त्याच्यापुढं तीन तारखा ठेवल्या होत्या. त्यातली येळवसेची धनाजीनं मुद्दाम निवडली होती. त्या दिवशी ह्या मुलखात कुठलीच आई लेकाला गावाबाहेर सोडत नाही, एवढ्या एकाच भरवशावर.