माईकला दिसत नाही

“मान हलवायची नाही. तोंडाने बोलायचं,” साउंडवाला पोरीला पुन्हा पुन्हा बजावत होता. “माईकला दिसत नाही. माईकला फक्त ऐकू येतं. कळलं?”

पोरीने मान हलवली. मग चटकन म्हणाली, “हो बाबा.”

माईक जेवणाच्या टेबलाखाली चिकटवलेला होता, शर्टाच्या बटणाएवढा. सभा-समारंभांना माईक आणि स्पीकर भाड्याने द्यायचे हा त्याचा धंदा. अख्खी गल्ली, इतकंच काय सासुरवाडीही त्याला साउंडवाला म्हणायची. कान असा तिखट, की जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते घरात बसून सांगावं. या घरात पोर ओरडते, असा कुणीतरी बालसंरक्षण खात्याला फोन केला होता. तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला होता, “तो फोन मला एकदा ऐकवा. आवाज कुणाचा ते चुटकीसरशी सांगतो.” त्याने असं म्हटलं की बायको गॅसकडे तोंड करून उभी राहायची.

खात्याच्या ताई आज दुसऱ्यांदा येणार होत्या. मागच्या वेळी त्यांनी आपल्या बोलण्याचा भलताच अर्थ काढला, असं त्याचं म्हणणं. “पोरं उचलून नेतात हे लोक,” तो म्हणाला. “एकदा नेली की बसा बोंबलत. म्हणून आपल्याकडे त्यांचा एकेक शब्द हवा.” पोर जाईल या धास्तीने कित्येक दिवस बायकोला घास गिळवत नव्हता.

ताई आल्या. खांद्याला कापडी पिशवी, तिचं तोंड नाडीने आवळलेलं. पोर गळ्यापर्यंत जाकीट घालून खुर्चीत बसली होती.

“उकडत नाही का गं तुला?” ताईंनी विचारलं.

“जरा सर्दी आहे तिला,” उत्तर साउंडवाल्याने दिलं. आज तो लोण्यासारखं मऊ बोलत होता. त्याने पाणी आणून दिलं, पंखा वाढवला, मग माईक आठवला तसा लगेच कमी केला. पोरीशी एकटीशी बोलायचंय, असं ताई म्हणाल्या. “बोला की! आमच्याकडे लपवायला आहे काय?” म्हणत त्याने दंडाला धरून बायकोला गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं. तिथे तो मजेत शीळ घालत राहिला. बायको वाळलेले कपडे काढायचे सोडून नुसते झटकत होती.

ताईंना फार वेळ लागला नाही. त्यांनी पिशवीची नाडी आवळली, चपला घातल्या आणि दारातून मागे वळून “येते हं” म्हणाल्या. सगळेच म्हणतात तसं.

दार लागलं आणि त्याने रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं.

“कधी मारलंय का तुला कुणी?”

“नाही. बाबा खूप चांगले आहेत. बाबा मला कधीच मारत नाहीत.”

पाठ केलेल्या कवितेसारखा खणखणीत आवाज. मग कर्र. जरा थांबून पुन्हा कर्र. त्यानंतर बराच वेळ नुसता पंखा, मग एक सलग कर्र. शेवटी ताईंचा घोगरा आवाज, “बरं. शाळेत काय आवडतं तुला?”

“चित्रकला.”

“दातखीळ बसली बघ बाईची!” साउंडवाला खदाखदा हसला. शाबासकी द्यायला त्याचा हात वर झाला, तशी पोरीने डोळे घट्ट मिटून घेतले.

मग त्याने रेकॉर्डिंग मागे नेलं. “हे मधेच काय आहे? कर्र?” त्याने आवाज वाढवला. खोलीभर तेवढंच घुमलं. कर्र. थांबून, कर्र. त्याचं हसू मावळलं. “टेबल नाही. खुर्चीपण नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. “चेन आहे ही. कसली चेन?”

पोर खाली बघत बसली. बायकोला मात्र तो आवाज पाठ होता. पोरीच्या जाकिटाची चेन उघडताना छातीशी अडकायची, मग खाली एक झटका द्यावा लागायचा. पोरीने बापाचं अगदी शब्दशः ऐकलं होतं. तोंडाने ती माईकशी बोलली होती. ताईंना डोळे होते.

“ताईंच्या पिशवीची,” बायको म्हणाली. “नोंदवही काढली असेल.”

आपला आवाज कापला नाही याचं तिला नवल वाटलं. तक्रारीचा फोनसुद्धा तिनेच केला होता, तोंडावर टॉवेल धरून, आणि तेव्हा तर ती लटलट कापत होती.

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. पण पिशवीला नाडी होती हे काही त्याला आठवलं नाही. तो कानांचा माणूस. “ह्या!” तो म्हणाला. “तेवढं काढून टाकतो. त्यांच्या साहेबाला एकदम क्लीन कॉपी ऐकवू.” त्याने मोठे हेडफोन कानांवर चढवले आणि लॅपटॉपवर ओणवा झाला.

जिन्यावर पावलं वाजली. एकाची नव्हती. तिघाचौघांची असावीत, आणि पुढची ताईंच्या चपलांची होती. साउंडवाला मान डोलवत पोरीचा गोड आवाज ऐकत होता, बाबा मला कधीच मारत नाहीत.

बेल वाजायच्या आत बायकोने पायात चपला सरकवल्या, पोरीपुढे तिचे बूट ठेवले आणि जराही आवाज न करता कडी काढली.