मागच्या खोलीतली संचारबंदी

"संचारबंदी अजून आहेच," टायपिस्टबाई म्हणाल्या आणि पिशवीतून ताजी, हिरवीगार पालेभाजी काढून त्यांनी ओट्यावर ठेवली.

मागच्या खोलीतल्या माणसाने भाजीकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. निवडायला बसला.

खरं म्हणजे संचारबंदी उठून एकोणीस दिवस झाले होते. मोर्च्यात पकडलेल्यांनाही सोडून दिलं होतं. बाईंनी ही बातमी मागच्या खोलीपर्यंत पोचू दिली नव्हती, इतकंच. पेपर त्या जिन्यातच वाचून खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून येत. रेडिओ बिघडला होता. तो बिघडवायला त्यांना पाऊण तास लागला होता.

बाईंनी तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं. 'जमाव हिंसक झाल्याने सौम्य बळाचा वापर करावा लागला' हे वाक्य त्यांच्या हातून इतक्या वेळा गेलं होतं की झोपेतून उठवून बसवलं असतं तरी एक अक्षर चुकलं नसतं. निवृत्तीनंतर त्यांच्याशी नेमाने बोलणारी एकच बाई उरली होती, ती बँकेच्या फोनमधली. आणि तीही 'एक दाबा, दोन दाबा' याच्या पलीकडे जात नसे.

मोर्च्याच्या दिवशी भर दुपारी चौकात पळापळ झाली, तेव्हा हा जिन्यात पालथा पडलेला सापडला. शर्ट फाटलेला, पाठीवर लाठ्यांचे वळ, कानामागून रक्त. बाईंनी बखोटीला धरून त्याला आत ओढला आणि फरशी पुसून काढली. पाचच मिनिटांत हवालदाराने दार ठोठावलं.

"घरात कोणी आलंय का?"

"तीन वर्षांत कोणी आलेलं नाही," बाई म्हणाल्या.

त्यांच्या सुरात असं काही होतं की हवालदारच ओशाळला आणि वरच्या मजल्यावर निघून गेला.

पाहुणा गुणी निघाला. पहाटे पाचला उठायचा, पांघरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून करायचा, हाक मारली की ताठ उभा राहायचा. चार दिवस बाई त्याला 'तुम्ही' म्हणाल्या, पाचव्या दिवशी 'तू'वर आल्या. आठव्या दिवशी त्याने भाजी खारट झाल्याचं तोंडावर सांगितलं, तेव्हा बाईंना भरूनच आलं. खोट काढणारं कोणी नसलं तर ते घर कसलं? ती नुसती जागा.

"घरी कोणी वाट बघत असेल ना रे?"

"कोणी नाही, मावशी."

"आणि नोकरी?"

"गेली असेल एव्हाना."

दार वाजलं की मात्र त्याचा रंग उडायचा. एकदा पाण्याची गाळणी विकणारा आला, तर हा कपाटामागे भिंतीला चिकटून उभा राहिला. बाईंना वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं.

पण आजच्या पेपरने घोळ केला होता.

चौकात त्या दिवशी दोन जीव गेले होते, एक शिंपी आणि एक नर्स. दगड आधी आला की लाठी आधी चालली, एवढ्यावर चौकशी आयोगाचं घोडं अडलं होतं. पोलिसांचे सव्वीस साक्षीदार झाले होते आणि सव्वीसही जणांना एकच दगड दिसला होता. मार खाल्लेला माणूस मात्र एकही पुढे आला नव्हता. साक्ष द्यायची मुदत आज पाचला संपत होती. ती संपली की ते सौम्य बळाचं वाक्य आणखी एकदा टाइप होणार, आणि या वेळी शिंपी आणि नर्सच्या नावावर.

साडेतीन वाजले होते. बाईंनी गॅस पेटवला, बंद केला. हा गेला की खारट म्हणणारं कोणी राहणार नव्हतं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "संचारबंदी उठलीय. एकोणीस दिवस झाले. मी खोटं बोलत होते. शिव्या मागाहून दे, आधी चपला घाल."

"माहीत आहे, मावशी."

"काय माहीत आहे?"

"खाली रोज पोरं दंगा करत शाळेत जातात. संचारबंदीत कुठली शाळा भरते?"

बाई ओट्यापासून वळल्या. "मग गेला का नाहीस?"

"तुम्ही जा म्हणाला नाहीत."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी उगाच चष्मा पुसला.

"बरं, मग आता म्हणते. जा. आयोगापुढे उभा राहा, शर्ट काढ, पाठ दाखव. सव्वीस जणांना पुरून उरेल अशी पाठ आहे तुझी. काम झालं की परत ये, मी काही दाराला कुलूप लावून बसणार नाही. फक्त तिथे खरं काय ते सांग. तू तर चौकातच होतास. आधी काय आलं?"

त्याने निवडलेली भाजी बाजूला सारली.

"दगड."

"दगड?" बाईंचा आवाज चिरकला. "म्हणजे ते सव्वीस जण खरं बोलतायत? जमावातून आला दगड?"

"जमावातूनच. मधोमध उभं राहून पहिला दगड टाकायचा, असा साहेबांचा हुकूम होता," तो खाली बघत म्हणाला. "लाठ्या चालवणारी कुमक बाहेरगावाहून आली होती, मावशी. मी साध्या कपड्यांतला, पोलीस खात्यातलाच आहे, हे त्यांना कोण सांगणार?"