नववं वाक्य

दादासोंनी बाकं पुन्हा मोजली. एकेकानं एकेका वाक्यातला गाळलेला शब्द भरायचा होता, आणि नववं वाक्य त्यांच्याच वाट्याला येणार होतं.

शिवाजी पेठेत, तालमीवरच्या खोलीत इंग्रजीचा रविवारचा क्लास चालायचा. दादासो शिरोलीच्या फौंड्रीत फोरमन. त्यांच्या एका हाळीनं चाळीस माणसं जागच्या जागी थांबायची. तापल्या लोखंडाला कधी न भ्यालेला गडी, पण परदेशी गिऱ्हाइकाच्या सूचना इंग्रजीत यायला लागल्या आणि त्यांची बोबडीच वळली. कुणाला कळू नये म्हणून इतक्या लांब येऊन नाव घातलं, तर शेजारी कोण? त्यांच्याच हाताखालचा प्रसेनजीत! गेल्याच महिन्यात त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, "अक्कल हाय का तुला?" आज इथं अब्रू गेली, की उद्या फौंड्रीभर बोभाटा.

आणि ही इंग्रजी तरी काय अवलाद! स्लोला 'ली'चं शेपूट लावा, काम हळू होतं. फास्टला शेपूटच नाही. हार्डला लावलं, तर राबणारा माणूस कामचुकार ठरतो. कुठं लावायचं आणि कुठं नाही, दादासोंच्या डोक्यात काही शिरेना.

मनाली मॅडमचा नियम होता, ज्याचं चुकलं त्यानंच पुढचं वाक्य सोडवायचं. आठवं प्रसेनजीतचं होतं.

"हार्डली," तो म्हणाला.

"चूक. नववं तूच घे."

दादासोंचा जीव भांड्यात पडला. पण दहावं?

"लेटली," प्रसेनजीत म्हणाला.

"परत चूक! आता दहावं पण तुझंच."

सगळे हसले. दादासोंची नजर त्याच्या वहीवर गेली. एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं. आठव्यापुढं नुसतं हार्ड होतं, नवव्यापुढं नुसतं लेट. 'ली' कुठंच लावलेली नव्हती.

"हे चुकलं तर खालच्या बॅचला जाऊन बसायचं," मॅडम कडाडल्या.

प्रसेनजीतनं उभ्याउभ्याच मान खाली घातली. क्लास सुटायला पाचच मिनिटं उरली होती. गप्प बसलं तरी निभावलं असतं. दादासो उभे राहिले.

"बस खाली, प्रसेनजीत. मॅडम, त्येला समदं येतंय. येत न्हाय ते मला."