पंधरा शब्द जास्त

साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीत गुदमरून मेलेल्या पाच कामगारांवरचा शालन मुळीकचा लेख संपादक बिडकरांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाचला आणि तिच्याकडे परत सरकवला. "झकास आहे. पण मर्यादा आठशेची. पंधरा शब्द जास्त होतायत."

"तीन हजारांवरून इथवर आणलाय," शालन म्हणाली. चौकशीचा अहवाल, न दिलेले सुरक्षेचे पट्टे, बायकांचं बोलणं, सगळं तिनं आधीच छाटलं होतं.

बिडकरांनी लाल पेन नेमकं पाच नावांवर टेकवलं. "नाव, बापाचं नाव, आडनाव. पाच त्रिक पंधरा. वाचकाच्या ओळखीतली थोडीच आहेत ती? 'पाच कामगार' एवढं वर आलंच आहे. शब्द तोलून वापरावा, शालनताई. नावांची जंत्री कशाला?"

लेख छापून येतोय हेच पुष्कळ, अशी मनाची समजूत घालत शालननं नावं गाळली.

अंक आला. डाव्या पानावर लेख चापूनचोपून बसला होता. उजव्या पानावर त्याच कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या: कार्यसम्राट, सहकारमहर्षी, गोरगरिबांचे कैवारी. खाली पान संपेपर्यंत शुभेच्छुकांची यादी, प्रत्येकाच्या बापाच्या नावासकट. पहिल्याच ओळीत बिडकर.

शालन बोट फिरवत खाली गेली. तळाशी 'मासिकाचे लेखक' या मथळ्याखाली तिला तिचंच नाव सापडलं. शालन दगडू मुळीक. तीनही शब्द शाबूत होते.