चौथे शील

अन्नपूर्णाबाई न्हाणीतून आल्या, तर भिंत अर्धी रिकामी. बुद्धाचा फोटो जागेवर होता, शेजारचा बाबासाहेबांचा नव्हता. खिळा तेवढा उरला होता, आणि खिळ्याखाली चुन्याचा स्वच्छ चौकोन. तो फोटो पुसण्यापुरताच काय तो कधी खाली उतरत असे.

"फोटो कोणी उतरवला?"

"आत आहे माय, धानाच्या पोत्यावर. नीट ठेवला," संघदीप म्हणाला. "तासाभराचं शूटिंग आहे. मग लावून देतो."

अमेरिकेत याचे बोलणे ऐकायला लोक तिकीट काढून येत. पूर्वेचे ज्ञान गोऱ्यांना उलगडून सांगणारा म्हणून याचे नाव. त्याच गोऱ्यांपैकी काही जण आज धानपट्ट्यातल्या गोरेगावात, त्याच्या जन्मघरी, चटईवर मांड्या दुमडण्याची खटपट करीत बसले होते.

"काऊन उतरवला पण?"

"त्यांना बुद्ध समजतो, माय. बाबासाहेब म्हटले का मग सारंच सांगावं लागते. आपण कोण, कुठले, सारं."

"मंग सांग ना. सांगाचंच तर खाऊन राहिला तू."

"हळू बोल."

अन्नपूर्णाबाई जन्मात कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या. आताही नव्हत्या.

कॅमेरावाल्या बाईने भिंतीवरच्या चौकोनाकडे बोट करून इंग्रजीत काही विचारले. संघदीपने हसत, दोन शब्दांत उत्तर दिले. बाईने समजल्यासारखी मान हलवली.

"काय पुसून राहिली ते?"

"घर किती जुनं आहे म्हणते."

चहाचा ट्रे घेऊन दारात नात उभी होती, रीना, कॉलेजात जाणारी. तिची नजर खाली गेली. अन्नपूर्णाबाईंनी ते पाहिले.

"रीना, खरं सांग मले."

"इथं काय होतं म्हणून विचारलं तिनं."

"अन् यानं काय सांगतलं?"

रीना काकाकडे पाहीना. "भिंतीले ओल आली होती म्हणे, आजी."

ओल. याच फोटोपुढे बसून या पोराने पहिली पाटी गिरवली होती. ट्रेमधला सगळा चहा त्याच्या त्या पांढऱ्या रेशमी सदऱ्यावर ओतावा, असे अन्नपूर्णाबाईंच्या हातांना झाले. राग गिळण्याची त्यांना सवय होती. पण या रागासोबत ते खोटेही गिळावे लागणार होते, आणि ते गळ्याखाली उतरेना. आत जाऊन फोटो आणायला वेळ लागला नसता. त्या गेल्या नाहीत. उतरवणारा हात त्यांचा नव्हता.

त्यांनी पदर सारखा केला, मेणबत्ती पेटवली, बुद्धापुढे बसल्या. रोज संध्याकाळी पंचशील घेतल्याशिवाय त्यांच्या तोंडी पाणी जात नसे. नवरा गेला त्या दिवशीही गेले नव्हते. कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला. पाहुण्यांनी हात जोडले.

एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी मागून म्हणायचे, ही घरची रीत. अन्नपूर्णाबाईंनी बारीक, ठाम आवाजात पहिले शील म्हटले. संघदीपने मागून म्हटले, अगदी गोड, लावलेल्या आवाजात. त्याच्यामागून पाहुणे अडखळत. मग दुसरे. मग तिसरे.

चौथ्याला त्या थांबल्या. चौथे शील खोटे न बोलण्याचे.

त्या बसल्या जागी वळल्या, बुद्धाकडे पाठ करून लेकासमोर झाल्या. हात जोडलेलेच.

"हे तू म्हण. आम्ही तुह्या मागून म्हणू."

संघदीपच्या चेहऱ्यावरचे हसू तिथेच राहिले, त्याचे काय करावे हे त्याला कळेना. "माय, कॅमेरा चालू आहे," तो ओठ न हलवता पुटपुटला.

"राहू दे चालू. म्हण."

त्याची नजर कॅमेऱ्यावरून भिंतीवरच्या चौकोनाकडे गेली. छपरावर कुठेतरी कावळा ओरडला. मेणबत्तीचे मेण फरशीवर ओघळले.

पाहुण्यांना वाटले, ध्यान सुरू झाले. कॅमेरावाल्या बाईने मोठ्या आदराने मान झुकवली. मग एकेकाने पाठ ताठ केली, एक लांब श्वास घेतला, आणि डोळे मिटले.